धक्का आणि जवारी

येडशी हे वाटेवरचे गाव. सोलापूरकडून औरंगाबादकडे जाणारा मोठा रस्ता आणि बार्शी–लातूर रस्ता इथे एकमेकांना मिळतात. बालाघाटाची डोंगरकड गावाला लागून आहे. त्या डोंगरातल्या खोलगट जागी रामलिंगाचे देऊळ आहे आणि भोवतीचे जंगल 1997 पासून अभयारण्य आहे. रेल्वे तर शंभर वर्षांहून जुनी. अशा गावातल्या माणसाचे निम्मे आयुष्य कुठेतरी जाण्यात आणि तिथून परत येण्यात जाते. बार्शीला बाजार, उस्मानाबादला कचेरी, लातूरला शिकवणी, पुढे पुण्याला नोकरी. एस.टी.ची खिडकीकडची जागा आणि कानात गाणे एवढे जमले, की आमचा प्रवास सुखाचा होई.

हे गाणे आधी कॅसेटच्या वॉकमनमधून आले आणि शेवटी मोबाइलमधून. मधल्या थोड्या वर्षांत ते आमच्याकडे एका गोल, चपट्या डबीतून येत होते. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्या डबीला सरसकट ‘डिस्कमन’ म्हणत, मग ती कुठल्याही कंपनीची असो. या यंत्राचा मुक्काम आमच्या भागात फार छोटा ठरला. शहरात ते येऊन जुने झाले, तेव्हा ते आमच्याकडे पोचले, आणि पोचते न पोचते तोच मेमरी कार्ड आले. तरीही माझ्या कानावर सर्वांत मोठा संस्कार याच यंत्राने केला. माझ्याकडे असे तीन प्लेअर आहेत आणि तिन्ही अजून चालतात. त्यांची एकमेकांशी तुलना करण्याचा नाद मला अनेक वर्षे होता, आणि त्या नादानेच मला ऐकायला शिकवले.

पहिला चंदेरी. मामेभाऊ आखातातून येताना घेऊन आला होता. इतका पातळ, की त्यात तबकडी बसते कुठे, असा प्रश्न पडावा. दुसरा निळा, प्लॅस्टिकचा. तो पुण्यात तापकीर गल्लीतून घेतला. एमपी थ्री सीडी वाजवणारा. तिसरा काळा. तो आला सर्वांत शेवटी, पण वयाने सर्वांत मोठा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी माल मांडला जातो, तिथे पक्कड आणि पान्ह्यांच्या शेजारी तो पडलेला होता. जाडजूड, धातूच्या अंगाचा, हातात घेतला की वजन जाणवणारा. धक्क्यापासून वाचवणारी कोणतीही सोय त्याच्यात नव्हती. मात्र मागच्या बाजूला लाईन आऊटचे छिद्र होते. प्लेअरमधले हेडफोनचे आवाजयंत्र आणि त्याचे आवाजाचे चक्र टाळून, मूळ आवाज थेट मोठ्या ॲम्प्लिफायरला देणारी ती वाट. जाणकार लोक जुने प्लेअर शोधतात ते बहुतेकदा याच वाटेसाठी.

या यंत्राचा जन्म ऐकण्यासारखा आहे. कॉम्पॅक्ट डिस्क फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून घडवली. पहिला घरगुती प्लेअर, सोनीचा सीडीपी-101, 1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानात विक्रीला आला. तो महाग होता, मोठा होता, आणि पहिल्या उत्साहानंतर खप मंदावला. तेव्हा सोनीच्या एका विभागप्रमुखाने आपल्या लोकांसमोर लाकडाचा एक ठोकळा ठेवला. सीडीच्या चार डब्या एकावर एक ठेवल्या तर जेवढी जाडी होईल तेवढा. प्लेअर एवढाच झाला पाहिजे, असे त्याने सांगितले. नोव्हेंबर 1984 मध्ये डी-50 हा प्लेअर निघाला. किंमत 49,800 येन. तबकडीहून जेमतेम मोठा असा तो पहिला प्लेअर. ठोकळा आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम मला फार आवडतो. माणसाच्या हाताला काय पेलेल हे आधी ठरवले गेले आणि मग विज्ञानाला त्यात बसायला सांगितले गेले.

पण हाताला पेलणे वेगळे आणि रस्त्याला पेलणे वेगळे. तबकडीच्या आत काय चालते ते कळले, की हे यंत्र एस.टी.त वाजते याचेच नवल वाटू लागते. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एकच एक वेटोळी रेघ असते. ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. रेघेच्या दोन शेजारच्या वेढ्यांत अंतर असते 1.6 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून जास्त वेढे. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. आतल्या वेढ्यावर असताना ती मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, आणि कडेला पोचेपर्यंत सुमारे 200 वर उतरते, कारण प्रकाशाच्या ठिपक्याखालून रेघ सारख्याच वेगाने सरकली पाहिजे. हा ठिपका डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेझरचा. तो ज्या भिंगातून पडतो ते भिंग बारीक तारांच्या वेटोळ्यांवर तरंगत असते आणि क्षणोक्षणी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकून रेघेचा माग धरते. एवढी नाजूक गोष्ट आम्ही पिशवीत घालून येडशीच्या स्टँडवर गर्दीतून गाडीत चढत होतो.

बार्शीकडे जाताना गाडी घाट उतरते. त्या काळचा रस्ता अरुंद होता आणि पावसाळ्यानंतर त्यावर खड्डे पडत. माझी पहिली परीक्षा तिथेच असायची. चंदेरी प्लेअर घाटाच्या वरच्या वळणापर्यंत नीट चाले. पुढे दोन खड्डे लागोपाठ आले, की गाणे तुटे, एक-दोन सेकंद काहीच नाही, आणि मग पुढच्याच ओळीवर उडी. निळा मात्र अख्खा घाट उतरून बार्शीच्या स्टँडवर पोचेपर्यंत अडखळत नसे. काळा तर गाडी सुरू होऊन थरथरू लागली तरी थांबे.

हा फरक कशाने पडतो ते समजून घेताना मला या सगळ्या यंत्रविद्येची गोडी लागली. धक्का चुकवण्याची युक्ती अशी: प्लेअर तबकडी दुप्पट वेगाने वाचतो आणि वाचलेला मजकूर एका चिपमध्ये साठवतो. तुम्हाला ऐकू येते ते साठ्यातले. धक्क्याने भिंगाचा माग सुटला, तरी ते पुन्हा जागेवर येईपर्यंत साठा पुरतो. आमच्या गावात नळाला पाणी आले की रांजण भरून ठेवतात आणि मग पुढच्या पाळीपर्यंत घर निर्धास्त असते, तसेच हे. म्हणजे गाडीत बसून मी जी तान ऐकत होतो ती यंत्राने काही सेकंदांपूर्वीच वाचून ठेवलेली होती.

आता हिशेब पाहा. सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी 1,76,400 बाइट लागतात: सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 2 बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन कान. सोळा मेगाबिटच्या चिपमध्ये अशी जेमतेम बारा सेकंदे मावतात. मग खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘चाळीस सेकंद’ कसे छापलेले असते? बऱ्याच प्लेअरमध्ये साठवण्यापूर्वी आवाज दाबून चौथाईवर आणला जातो. साठा वाढतो, गाणे तुटत नाही, पण जे ऐकू येते ते तबकडीवरचे जसेच्या तसे उरत नाही. अनेक प्लेअरवर ही सोय बंद-चालू करायचे बटण असते ते यासाठीच. प्रवासात ते चालू ठेवावे, घरी बसून ऐकताना बंद करावे. ही गोष्ट खोक्यावर कुठे लिहिलेली नसते. कानाने शोधावी लागते.

ती कानाने शोधायला मला आण्णांनी मदत केली. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. यंत्रातले त्यांना काही कळत नसे आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण सूर कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यांना झोपेतही कळे. मी तीन प्लेअर एका ओळीत ठेवी आणि एकच हेडफोन तिघांना आळीपाळीने लावी. आवाज आधी समान करून घेई, कारण दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तेच कानाला सरस वाटते. कोणते यंत्र लावले आहे ते आण्णांना सांगायचे नाही. ते डोळे मिटून ऐकत. तबकडी ठरलेली होती, किशोरीताई आमोणकरांचा भूप. सुरुवातीला काही क्षण नुसता तंबोरा वाजतो, तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा लावी.

तंबोऱ्याइतकी यंत्राची कठोर परीक्षा दुसरे वाद्य घेत नाही. त्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवलेला असतो. तो योग्य जागी बसला, की तार घोडीच्या उताराला हलकेच घासत कंप पावते आणि एका सुराच्या पोटातून वरचे अनेक सूर उमलतात. ही जवारी. दोरा केसभर हलला तरी ती मरते. हे वरचे सूर फार हलके असतात. यंत्राच्या आतली खरखर त्यांना झाकते, आवाज दाबताना पहिला बळी त्यांचाच जातो, आणि बासचे बटण दाबले तर ते पार बुडतात.

निळा लावल्यावर आण्णा म्हणाले, ‘ह्यात तंबोरा लांब गेलाय रं. भिंतीपल्याड वाजतोय.’ मी धक्क्याची सोय बंद केली. ‘आता जरा जवळ आला.’ चंदेरीवर त्यांनी नुसती मान हलवली, बरा आहे या अर्थाने. काळा लावला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे ठेव.’

गाडीत चढल्याबरोबर थांबणारा, बाजारात लोखंडी सामानात पडलेला काळा प्लेअर जमिनीवर ठेवल्यावर तिघांत श्रेष्ठ ठरला. घाट विनातक्रार उतरणारा निळा तंबोऱ्यापाशी मागे पडला. मी हा प्रयोग पुढे वेगवेगळ्या तबकड्यांवर केला. बासरीवर फरक कमी जाणवे, लावणीच्या ढोलकीवर निळाच दणकेबाज वाटे, बोलण्याच्या आवाजावर तिघे सारखे. पण तंबोरा आला, की निकाल तोच. जो धक्का सोसतो तो जवारी गमावतो, जो जवारी राखतो त्याला धक्का सोसत नाही. त्या काळच्या स्वस्त यंत्रांत दोन्ही एकत्र मिळणे कठीण होते.

या तुलनेत एक तिसरी बाजूही होती आणि ती पूर्णपणे आमच्या गावची होती: वीज. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन किती सोसले ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. दिवसाचे कितीतरी तास वीज नसे, आणि संध्याकाळी नेमकी जेवायच्या वेळी जाई. अशा वेळी सेलवर चालणारे यंत्र म्हणजे घरातले संगीत. चंदेरी प्लेअर पातळ होता कारण त्यात पट्टीसारखा चपटा, पुन्हा चार्ज होणारा सेल बसे. तो सेल मेल्यावर येडशीत, बार्शीत, उस्मानाबादेत कुठेही दुसरा मिळाला नाही. त्यासोबत एक छोटी पेटी होती, जिच्यात साधे सेल घालून ती बाहेरून जोडता येई, म्हणून तो वाचला. निळ्याला दोन पेन्सिल सेल लागत आणि ते गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी मिळत. खोक्यावर सेल किती तास पुरेल याचा जो आकडा छापलेला असे तो अल्कलाइन सेलवर मोजलेला. आमच्या दुकानातले स्वस्त झिंक-कार्बनचे सेल त्याच्या जवळपासही जात नसत. म्हणून मी माझा हिशेब आमच्या दुकानातल्या सेलवरच मांडला. निळ्यात एमपी थ्री सीडी लावली, की तो थोडा वेळ फिरून चिप भरून घेई आणि मोटार थांबवे, त्यामुळे सेल कितीतरी जास्त टिकत. चांगल्या आवाजाचा काळा सेल सर्वांत लवकर खाई.

जगभरच्या मासिकांत या यंत्रांच्या तुलना छापून येत. शांत खोली, महागडे हेडफोन, भिंतीतून येणारी अखंड वीज. त्यांचे निकाल त्यांच्या खोलीपुरते खरे असतील. पण येडशीची धूळ, उन्हाळ्यात तापलेल्या एस.टी.चा पत्रा, किराणा दुकानातले सेल आणि घाटातले खड्डे त्या कोष्टकात नसत. भिंगावर धुळीचा पातळ थर बसला, की तबकडी वाचलीच जात नाही. बार्शीचे एक मिस्तरी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून ते भिंग इतक्या हळुवार पुसत, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. ज्या यंत्राचे झाकण सरळ उघडते आणि भिंग समोर येते ते आमच्याकडे जास्त जगले. दुरुस्ती करणाऱ्याचा हात जिथवर पोचतो तिथवर यंत्राचे आयुष्य, हेही तुलनेचे एक माप आहे, आणि ते गावानेच शिकवावे लागते.

तंबोऱ्याचा एवढा विचार करताना मला आमच्या रेल्वेची आठवण येई. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली. 1897 मध्ये ती कुर्डूवाडीकडून बार्शीला आली, 1911 मध्ये लातूरला पोचली, आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूरमार्गे 1927 मध्ये मिरजेला. जुनी लाईन उस्मानाबाद शहरात जात नसे, येडशीवरून जाई. म्हणून जिल्ह्याच्या गावच्या लोकांनाही गाडीसाठी आमच्याकडे यावे लागे. त्या एका अरुंद रुळाने येडशीला मिरजेशी बांधले होते. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची घराणी आहेत, आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत. भोपळ्यापासून जवारीपर्यंतचा सगळा मुलूख याच लाईनच्या आजूबाजूचा. हजारो मैलांवरच्या कारखान्यात घडलेल्या प्लेअरची परीक्षा मी तंबोऱ्यावर घेत होतो, तेव्हा ती माझ्याच मुलखाच्या वस्तूवर घेत होतो.

मिरजेतच अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. 1937 साली ते दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात वारले आणि त्यांना मिरजेत आणून दफन केले. त्यांच्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. अख्खा राग तेवढ्यात मांडायचा. लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. साठ मिनिटांच्या कॅसेटने अर्धा तास दिला, पण नेमकी विलंबित रंगात आलेली असताना बाजू पालटावी लागे. सीडीने सलग चौऱ्याहत्तर मिनिटे दिली. मैफलीतला एक पूर्ण राग, आलापापासून द्रुतापर्यंत, मध्ये कुणाचा हात न लागता ऐकणे आमच्यासारख्या गावात प्रथम शक्य झाले ते या तबकडीने. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात होई. तिथे जाणे सर्वांना जमत नसे. वीज गेलेल्या घरात, कंदिलाच्या उजेडात, दोन पेन्सिल सेलांवर विलंबित ख्याल पुरा ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हती. कॅसेटची घरघर नसल्यामुळे दोन सुरांमधली शांतताही प्रथमच ऐकू आली. गायिका श्वास घेते कुठे, तबलजी समेआधी किती थांबतो, हे मला त्या शांततेने दाखवले.

मग एमपी थ्री आले आणि भरपूर आले. मिनिटाला साधारण एक मेगाबाइट, म्हणजे सातशे मेगाबाइटच्या एका तबकडीत अकरा-बारा तासांचे गाणे. पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित केलेले गीतरामायण, त्यातली छप्पन्नच्या छप्पन्न गीते, एका तबकडीत बसून वर जागा उरे. आमच्या रामलिंगाची कथा अशी, की रावणाशी लढून जटायू इथेच पडला आणि श्रीरामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढले. गीतरामायणाचे कवी गदिमा यांनी जटायूच्या तोंडी एक गीत दिले आहे. श्रावणात रामलिंगाला जाताना निळ्या प्लेअरवर ते लावायचे, हा माझा नेम होता. झऱ्याचे पाणी वाहत असते, झाडांवर वानरे असतात, आणि गायक-संगीतकार बाबूजींचा आवाज कानात. तिथे मला जवारीची उणीव भासली नाही. शब्द पोचत होते आणि त्या जागी तेवढे पुरेसे होते. दाबलेल्या आवाजाविषयी माझ्या मनात अढी होती ती त्या वाटेवर गेली. काय ऐकायचे आणि कुठे ऐकायचे हे ठरले, म्हणजे कशावर ऐकायचे ते आपोआप ठरते.

पुढे सगळेच पालटले. 2007-08 च्या सुमारास नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली, आणि नवी लाईन उस्मानाबादवरून गेली. सोलापूर–येडशी आणि येडशी–औरंगाबाद अशा दोन टप्प्यांत महामार्ग चौपदरी झाला; आज त्यावर गाडीत ठेवलेला पेला हलत नाही. काळा प्लेअर ज्या रस्त्यावर सुखाने वाजला असता तो रस्ता झाला, तेव्हा सीडीचे दुकान शोधूनही सापडेना. स्टँडजवळच्या टपऱ्यांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली, नंतर त्याचीही गरज उरली नाही. उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. आज माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये जगातले बहुतेक संगीत आहे, आणि धक्क्याचा तिथे प्रश्नच नाही, कारण फिरणारे काही नाहीच. मला याचे दुःख नाही. एवढेच खटकते, की एकच तबकडी घेऊन निघाल्यावर ती पुरी ऐकावी लागे, न आवडलेले चौथे गाणेही ऐकावे लागे, आणि कधी कधी तेच पुढे सर्वांत आवडते होई. ती सक्ती गेली आणि तिच्याबरोबर तो लाभही गेला.

आता ज्या कारणासाठी हे सगळे लिहायला बसलो त्याकडे येतो. आण्णांच्या भजनी मंडळाचे रामलिंगावरचे एका श्रावणी सोमवारचे भजन कुणीतरी कॅसेटवर टिपले होते. बार्शीतल्या एका दुकानात आम्ही ते सीडीवर करून घेतले. वर मार्करने तारीख लिहिली. परवा ती तबकडी काढली. काळ्याने ती ओळखलीच नाही. इतका जुना प्लेअर घरी लिहिलेल्या तबकड्या नीट वाचत नाही. चंदेरी पहिल्या भजनानंतर अडकला. निळ्याने शेवटपर्यंत वाजवली, पण कडेच्या भागात टकटक ऐकू आली. कडेचा भाग म्हणजे अखेरचा भाग, कारण तबकडी आतून बाहेर वाजते. तिथे आण्णांच्या पेटीवर भैरवी आहे.

कारखान्यात छापलेली सीडी आणि घरी लिहिलेली सीडी दिसायला सारख्या, पण जातीने निराळ्या. पहिलीत खळगे साच्याने प्लॅस्टिकमध्ये उठवलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा लेप. नीट सांभाळली तर ती पुष्कळ वर्षे टिकते. दुसरीत खळगे नसतातच. तिथे सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर डाग पाडून मजकूर लिहिलेला असतो. हा रंग उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने उडत जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या तबकडीचे काय होत असेल ते सांगायला नको. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या गावागावांत लग्ने, कीर्तने, सप्ताह, भारुडे, आजींच्या ओव्या अशाच तबकड्यांवर उतरल्या. त्यांच्या मूळ कॅसेट तेव्हाच फेकल्या गेल्या. मोठ्या गायकांचे संगीत कंपन्या सांभाळतील. या आवाजांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

म्हणून वाचकांना मनापासून सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून अशी मार्करने लिहिलेली तबकडी निघाली, तर ती कचऱ्यात टाकू नका आणि ‘नंतर बघू’ म्हणून परत आतही ठेवू नका. सीडीची सोय असलेला एखादा जुना संगणक शोधा, एकावर वाचली गेली नाही तर दुसऱ्यावर लावून बघा, कारण एका यंत्राला न दिसणारी रेघ दुसऱ्याला दिसते. नक्कल काढताना आवाज दाबणारी एमपी थ्री निवडू नका, पुरी, न दाबलेली प्रत काढा, आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायला द्या. आमच्या तबकडीची पुरी प्रत निघाली आहे, भैरवीसकट. तुमची अजून निघू शकेल, पण फार वर्षे थांबून चालणार नाही.